अक्कामार्फत ऑपरेटिंग सिस्टिम

माझं सासर धुळ्याचं, आणि आमच्या सासरी सून सासऱ्याशी बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, रीतच तशी. सासरे खोलीत आले की ओढणी सावरून उठायचं. त्यांना काही विचारायचं असेल तर सासूबाईंना सांगायचं, आणि सासूबाईंनी तिथेच, माझ्यासमोर उभं राहून, माझंच वाक्य त्यांना पुन्हा सांगायचं. मी कॉम्प्युटर इंजिनिअर. जळगावला मेहरूणच्या घरी बसून दिवसभर परदेशातल्या लोकांशी फडाफडा बोलते, पण धुळ्याच्या घराचा उंबरा ओलांडला की माझी वाचाच बसते. लग्नाच्या नव्या नवलाईत मला याचा इतका राग यायचा की परतताना एसटीत पारोळा येईपर्यंत मी नवऱ्याशी बोलायचे नाही. तो बिचारा म्हणायचा, "अगं, मी काय केलं?" त्यानं काहीच केलं नव्हतं, आणि मला राग त्याचाच होता.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणतात आणि सासूबाईंना अक्का. आबा एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, ऑफिसात होते. कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासोबत आलेली सिस्टिम त्यांना पसंत पडली नाही. गावातली बाई एखाद्या लग्नातली भाजी खाऊन "ही काय भाजी झाली?" म्हणते आणि घरी येऊन स्वतः करून दाखवते, तसं आबांनी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. मशीन चालू झाल्यावर जी आधी जागी होते आणि बाकी सगळ्यांना कामाला लावते, ती सिस्टिम. पुस्तकं वाचून, एकट्यानं, नोकरी सांभाळून. मला सासऱ्यांच्या हजार गोष्टींचा वैताग येतो, पण याबाबतीत मी त्यांना मानते. आसपासच्या बऱ्याच जिनिंगांमध्ये ती चालायची. ट्रकचं वजन, कापसाच्या गाठी, पावत्या, सगळं तिच्यावर.

फक्त ती कोणाला दाखवायची नाही. मूळ कोडाच्या फ्लॉप्या, ते जुने मोठे लवलवणारे चौकोन, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होत्या आणि किल्ली आबांच्या करगोट्याला. आंघोळीलाही ती सुटायची नाही. हंगाम सुरू झाला की जिनिंगवाले आबांना रिक्षा पाठवायचे, कारण सिस्टिम उघडायचा पासवर्ड फक्त त्यांना माहीत. आबा जायचे, सगळ्यांना मागे सरायला लावायचे, कीबोर्डवर पंचा टाकायचे आणि पंच्याखाली हात घालून पासवर्ड मारायचे. पण टाइप करताना एकेक अक्षर तोंडानं पुटपुटायची त्यांना सवय. पासवर्ड म्हणजे अक्कांच्या माहेरच्या गावाचं नाव. वजनकाट्यावरच्या हमालापासून शेठजींपर्यंत ते सगळ्यांना पाठ होतं. तरी दर वर्षी रिक्षा यायची आणि दर वर्षी सगळे अदबीनं भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

हळूहळू एकेका जिनिंगनं नवीन पॅकेज घेतलं. शेवटी एकच उरली, धुळ्याच्या बाहेर हायवेलगतची. तिथले शेठजी राजस्थानी घराण्यातले, आबांना फार मानणारे. त्यांच्याकडचा तो पुराणकाळातला कॉम्प्युटर मागच्या पावसाळ्यात करकरला, धूर सोडला आणि गेला. हार्ड डिस्कही सोबत घेऊन गेला. शेठजी स्वतः घरी आले, चहा घेतला आणि हात जोडून म्हणाले, "आबासाहेब, कापूस यायच्या आत काही झालं तर ठीक. नाहीतर मला पुण्याचं पॅकेज घ्यावं लागेल."

त्यानंतर आबांचं जेवण सुटलं. अर्धी भाकरी खायची आणि ताट सारायचं. नवऱ्याला फोन आला, नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. "बघ बाई, तुझ्याच लाइनीतलं आहे," म्हणाला आणि बँकेत निघून गेला. मी लॅपटॉप उचलला आणि धुळ्याची बस पकडली.

बैठक भरली ती अशी. आबा खुर्चीत, मी स्वयंपाकघराच्या दारात, अक्का मधोमध. मी अक्कांना सांगितलं की जुन्या मशीनसाठी लिहिलेलं आता नव्या मशीनवर चालणार नाही. पण एक मुक्त गाभा आहे, कर्नल म्हणतात त्याला, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कोणालाही घेता येतो. तो खाली घालायचा आणि वर आबांची सिस्टिम जशीच्या तशी पुन्हा उभी करायची. तोच निळा पडदा, त्याच चाव्या, तेच सगळं. अक्का आबांकडे वळल्या. "ती म्हणतेय, जोतं दुसऱ्याचं, घर आपलं."

मी थक्क झाले. मला इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं.

आबांनी मान वर करून पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तिला विचार, त्या जोत्याचे पैसे?"

"काही नाही," मी म्हटलं. "फक्त अट आहे. गाभ्यात आपण जे बदलू ते, ज्याला सिस्टिम देऊ त्यानं मागितलं तर दाखवावं लागतं."

आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ज्यानं जन्मभर पंच्याखाली टाइप केलं त्याला ही अट म्हणजे भर चौकात उघड्यावर आंघोळ करायला सांगण्यासारखं होतं. पण शेठजींचे जोडलेले हात त्यांच्या डोळ्यांसमोर असावेत. ते म्हणाले, "तिला सांग, कर म्हणावं. पण माझंही एक आहे. जुना कोड मी दाखवणार नाही. तो कपाटात आहे, तिथेच राहील. काय विचारायचं ते विचारावं, मी सांगेन."

माझं डोकंच फिरलं. घरात कपाट, कपाटात कोड, आणि मी विचारत बसू? पण रात्री अंथरुणात पडल्यावर मला हसू आलं. आमच्या धंद्यात असं खरंच करतात. दुसऱ्याची सिस्टिम नव्यानं बांधायची आणि कोर्टकचेरी नको असेल तर दोन गट करतात. एक गट जुनी सिस्टिम बघून ती काय काय करते ते फक्त सांगतो. दुसऱ्या गटानं ती कधी पाहिलेलीही नसते, तो नुसतं ऐकून नवी लिहितो. दोघांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही. मोठमोठ्या कंपन्या यासाठी वकील मधे बसवतात. आमच्याकडे अक्का होत्या.

कामाला लागलो. आबा ओसरीवर, मी स्वयंपाकघरात टेबलाशी, मधे अक्का. त्या दाणे निवडायला, भाकरी थापायला, कपडे वाळत घालायला जायच्या आणि काम तेवढा वेळ थांबायचं. सकाळी दळणाला गेल्या तर आम्ही दोघं हातावर हात ठेवून बसलेले. एकदा शेजारीण गप्पा मारायला आली, तर मेमरीचं सगळं प्रकरण ती उठेपर्यंत लोंबकळत राहिलं.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं अक्का नुसत्या निरोप्या आहेत. मग लक्षात आलं की भिंतीपलीकडे आबा काय म्हणाले ते मला ऐकू येतं, आणि अक्का येऊन भलतंच सांगतात. आबा म्हणायचे, "तिला सांग, माणूस चुकला की पडद्यावर फक्त 'चूक' यावं. मोठं. आणि भोंगा वाजावा." अक्का आत येऊन म्हणाल्या, "चुकलं तर लिही, चुकलं, हरकत नाही, पुन्हा करा."

"अक्का, ते असं नाही म्हणाले."

"त्या काय म्हंतस ते माले समजस. तू लिही."

भोंग्याचं त्यांनी नावही काढलं नाही. मी लिहिलं. जेवायला त्याच वाढणार होत्या.

दुसऱ्या वेळी आबांनी सांगितलं की एखादी फाइल पुसायची म्हटलं की सिस्टिमनं ताबडतोब पुसावी, उगाच विचारत बसू नये, माणसाला अक्कल असते. अक्का दारात आल्या आणि उभ्याच राहिल्या. मग म्हणाल्या की काहीच पुसायचं नाही. नको असेल ते माळ्यावर टाकायचं. हंगाम संपल्यावर बघू. मी म्हटलं, असं कसं, मशीनमधे माळा कुठून आणू? "करजो," म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसत ओट्याकडे गेल्या. मी माळा बांधला. आजही त्या सिस्टिममधे काही पुसायला गेलं की ते माळ्यावर जातं.

पण त्यांचा आवाज तेव्हा वेगळाच लागला होता, म्हणून दुपारी मी गच्चीवर त्यांच्या मागे गेले. आबा आत घोरत होते. अक्का दोरीवरचे कपडे काढत होत्या, आणि माझ्याकडे न बघताच बोलायला लागल्या.

"पोरी, त्या कपाटमा काहीच नही शे."

आबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं त्या वर्षीची गोष्ट. भर मे महिना. दवाखान्यात करगोटा सोडायला लावला, तेव्हा किल्ली पहिल्यांदा अक्कांच्या हाती आली. त्यांना वाटलं, माणूस घरी येतोय, तर त्याचं कपाट जरा स्वच्छ करावं. उघडलं तर कुबट वास. फ्लॉप्यांवर पांढरी बुरशी. मग त्यांनी तेच केलं जे इथली कुठलीही शहाणी बाई गाद्यांचं, डाळींचं, लोणच्याच्या बरण्यांचं करते. गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं, कुरडया वाळत घातल्याच होत्या, त्यांच्या शेजारी सगळ्या फ्लॉप्या ओळीनं मांडल्या. "मी त्यासले ऊन दखाडं," म्हणाल्या. खानदेशातलं मे महिन्यातलं ऊन. संध्याकाळी वर जाऊन बघतात तर एकेक फ्लॉपी तळलेल्या पापडासारखी वळलेली. त्यांनी त्या खाली आणल्या, पाटावर रचल्या आणि सरळ व्हाव्यात म्हणून वर वरवंटा ठेवला. मग तशाच डब्यात भरून कपाट बंद केलं.

मला हसू इतकं अनावर झालं की मी ओढणी तोंडात कोंबली. मग अक्कांकडे बघितलं आणि हसू गेलं. दोरीवरून काढलेला सदरा त्या पुन्हा दोरीवरच घालत होत्या.

"आता मशीन बी गयं. उद्या त्यासनी कपाट उघाडं ते?" डोळे पुसत म्हणाल्या, "त्यासले सांगू नको."

त्या दिवसापासून माझ्यासाठी सगळं बदललं. आता पुण्याचं पॅकेज, शेठजी, सगळं एका बाजूला. मला एवढंच करायचं होतं की आबांना ते कपाट उघडायची गरज कधी पडू नये. एक माणूस आयुष्यभर ज्या गोष्टीवर किल्ली लावून बसला, ती त्याच्या बायकोनं कुरडयांबरोबर वाळवली, हे त्याला या वयात कळू नये. मी झपाटून कामाला लागले. जळगावच्या नोकरीत पगारी रजा टाकली. आबांना जे आठवत होतं ते सगळं अक्कांमार्फत काढून घेतलं, अक्कांच्या फेरफारांसकट.

आबांच्या तक्रारी चालूच होत्या. नवी सिस्टिम चटकन सुरू व्हायची, तर म्हणाले, "तिला विचार, काय वगळलंय?" जुनी चालू व्हायला एक चहा लागायचा. शेवटी मी तिला मधे थांबायला लावलं, काहीही न करता, नुसतं "थांबा" दाखवत. तेव्हा आबा पहिल्यांदा म्हणाले की हां, आता बरोबर आहे. माझ्या पूर्ण कारकिर्दीत मुद्दाम हळू केलेलं ते एकमेव काम.

कापूस फुटायला लागला होता. नवीन मशीन जिनिंगवर नेऊन बसवलं आणि नेमकं तेव्हाच अक्कांना अमळनेरला जावं लागलं, भावाच्या नातवाचं बारसं. निघताना त्यांनी माझा हात दाबला. मीही दाबला.

आणि काटा चालेना. ट्रकच्या काट्याचा डबा वायरीतून कॉम्प्युटरला वजन पाठवतो. पण आकडे कुठल्या क्रमानं, मधे कसल्या खुणा टाकून, हे फक्त आबांच्या जुन्या कोडात होतं, आणि आबांना ते आठवेना. काटा बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. रिकामी बैलगाडी काट्यावर आली की पडदा भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त वजन दाखवायचा. हमाल हसून लोळायचे बाकी होते.

त्या दिवशी दुपारी घरात मी आणि आबा दोघंच. आबा भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाले, "आता काय करायचं?" मी पाण्याच्या माठाला म्हटलं, "बघते." असं किती वेळ चालणार? शेवटी मी अक्कांना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मोबाइल टीपॉयवर, दोघांच्या मधे ठेवला. पलीकडे बायका पाळणा म्हणत होत्या.

"अक्का, आबांना विचारा, काट्याचा क्रम काहीतरी आठवतोय का?"

"अहो, ती विचारतेय..."

"ऐकलं मी," आबा मोबाइलला म्हणाले. "तिला सांग, नाही आठवत. कोडातच बघावं लागेल."

पलीकडे पाळणा चालू राहिला, पण अक्कांचा आवाज येईना. मीच घाईघाईनं म्हटलं, "अक्का, त्यांना सांगा, कोड नको. मी काहीतरी जुगाड करते. कपाट उघडायची काही गरज नाही."

"तिला सांग, मलाही कपाट उघडायची हौस नाही," आबा म्हणाले. ते इतक्या पटकन म्हणाले की मी मान वर केली.

"उघडू नका," अक्का फोनवर जवळजवळ रडत म्हणाल्या. "मी येते, मग बघू. तवलगुन उघडू नका."

आबांनी हात पुढे करून फोन बंद केला. मग उठले, सदरा वर केला, करगोट्याची किल्ली सोडवली आणि आतल्या खोलीत गेले. मी मागे धावले. रीत गेली खड्ड्यात, मी ओरडून थांबवणारच होते, पण कपाटाचं दार करकरलं होतं.

आबांनी डबा काढला, झाकण उघडलं आणि माझ्यासमोर धरला. फ्लॉप्या होत्या. वळलेल्या, तडकलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला घाबरत होते. त्यांनी वरची फ्लॉपी कागदी पाकिटातून अलगद ओढली. तिच्या आड कुरडईचा एक पिवळा तुकडा होता, पाकिटाला चिकटलेला. तो त्यांनी बोटानं जरासा सारखा केला. कोणीतरी जपून ठेवलेल्या वस्तूला हात लावतो तसा. नवल नव्हतं की धक्का नव्हता त्या चेहऱ्यावर. मला सगळं एकदम कळलं. आबांना हे कधीचंच माहीत होतं. कोड दाखवणार नाही म्हणायची अट, ती किल्ली, तो कपाटावरचा पहारा.

झाकण लावून त्यांनी डबा परत ठेवला. कपाट बंद केलं, किल्ली करगोट्याला बांधली. मग माझ्याकडे वळले, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, मधे कोणी नसताना, माझ्याशी बोलले.

"तिले सांगू नको."

मी मान हलवली. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

त्यानंतर आम्ही रिक्षानं जिनिंगवर गेलो. आबांनी हमालांना बाजूला केलं, सरकीची पोती एकेक करून काट्यावर ठेवायला लावली, आणि शेवटी स्वतःही काट्यावर उभे राहिले. मी खिडकीत लॅपटॉप घेऊन वायरीतून काय येतंय ते बघत होते. "आता?" ते ओरडायचे. "वाढलं," मी ओरडायचे. "आता?" "मधला आकडा हलला." "आता?" "उतरा जरा." सासऱ्यांना "उतरा" म्हणणारी त्या घराण्यातली मी पहिलीच सून असेन. ऊन उतरेपर्यंत काट्याचं बोलणं मला समजायला लागलं होतं. बैलगाडी बैलगाडीइतकी भरली.

अक्का दुसऱ्या दिवशी आल्या. चपला काढायच्या आधीच त्यांनी डोळ्यांनी विचारलं. "नाही उघडलं," मी म्हटलं. त्या मटकन पायरीवर बसल्या आणि पाणी मागितलं. आबा आणि मी पुन्हा गप्प झालो. बोलत राहिलो असतो तर अक्कांनी विचारलं असतं, माझ्या माघारी असं काय झालं म्हणून.

हंगाम सुरू झाला. शेठजींनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आबांनी पंचा टाकला, पासवर्ड पुटपुटला, सगळ्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "थांबा" आलं, सगळे थांबले. पहिल्याच ट्रकला ऑपरेटरनं चुकीची चावी दाबली आणि निळ्या पडद्यावर आलं: चुकलं, हरकत नाही, पुन्हा करा. आबांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मला वाटलं, आता भोंग्याची चौकशी होणार. त्यांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला.

संध्याकाळी घरी मी शेवटचा प्रश्न काढला. गाभ्यात आपण काट्यासाठी जे बदललं ते आता अटीप्रमाणे द्यावं लागेल, त्याचं काय करू? अक्कांनी ते आबांना सांगितलं. आबा पेपर वाचत होते. त्या दिवशी ते पूर्ण भाकरी जेवले होते.

"तिला सांग, मागेल त्याला दे म्हणावं. नुसतं काट्याचं नको, सगळं दे. लपवण्यासारखं त्यात काही नाही." पेपराचं पान उलटलं. "जुन्या कपाटाला तेवढं कोणी हात लावू नका. ते माझं आहे."

अक्का माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मला बघवेना.

"बठ्ठं दी टाक म्हंतस," त्या म्हणाल्या. "कपाट तेवढं बंदच राहू दे."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, बरं."

अक्कांनी त्यांना ते सांगितलं.